कांदाचाळ : हवा, खर्च आणि महिने

उन्हाळ कांद्याची काढणी एप्रिल-मेमध्ये उरकते आणि खरिपाचा लाल कांदा बाजारात यायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या चार-पाच महिन्यांत देश जो कांदा खातो तो साठवणीतला असतो. त्यातला मोठा वाटा नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, सटाणा, देवळा, चांदवड, येवला, निफाड अशा तालुक्यांत बांधालगत उभ्या असलेल्या पत्र्याच्या चाळींतून येतो. दिसायला ही साधी शेड आहे: दोन बाजूंना कांद्याचे उभे कप्पे, मधे जायला वाट, वर छप्पर. पण ती कशी बांधावी, कुणी बांधावी, सरकारने तिला किती पैसे द्यावेत आणि मुळात बांधावी की नाही, यावर शेतकरी, शास्त्रज्ञ आणि शासन यांच्यात जुने मतभेद आहेत. त्यांत कोण कुठे उभे आहे, कशावर एकमत झाले आणि काय अजून लोंबकळते आहे, ते क्रमाने पाहू.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवतो. या चर्चेत दोन वेगळे प्रश्न सतत एकमेकांत मिसळतात. कांदा टिकवायचा कसा हा एक, आणि तो किती महिने धरून ठेवायचा हा दुसरा. चाळीचे माप, छप्पर, खर्च हे सगळे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक चाळींचे माप अनुदानाच्या मापावरून ठरते.

पोळीपासून चाळीपर्यंत

पूर्वी कांदा काढला की शेतातच किंवा झाडाच्या सावलीला पोळ घालत. कांदा पातीने झाकायचा, वर पाचट टाकायचे आणि पावसाच्या आत विकून मोकळे व्हायचे. ज्याला जास्त दिवस धरायचा असे तो बांबू, तुराट्या आणि उसाचे पाचट वापरून कुडाची चाळ करी. पुण्याकडे, जुन्नर-आंबेगाव भागात, तिला बराख म्हणतात. खर्च थोडा, डागडुजी दरवर्षी, ढीग थेट जमिनीवर. खालचा थर जाणार हे हिशेबात धरलेलेच असे.

या पद्धतीकडे शास्त्राचे लक्ष गेले ते निर्यातीच्या निमित्ताने. १९७७ साली नाफेड आणि कांदा निर्यातदार यांनी मिळून एक संस्था काढली, तीच आजचे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान, शेतकऱ्यांच्या तोंडचे एनएचआरडीएफ. पुढे १९९४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने कांदा-लसणाचे राष्ट्रीय केंद्र नाशिकला सुरू केले आणि १९९८ मध्ये ते राजगुरूनगरला हलवले. या संस्थांच्या आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कामातून आज 'सुधारित चाळ' म्हणून ओळखला जाणारा आराखडा रुळला: जमिनीपासून उचललेला तळ, खालून आणि बाजूंनी वारा, अरुंद कप्पे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले, अनुदान सुरू झाले आणि हा आराखडा कृषी विभागाच्या कागदांतून गावोगावी पोचला. एकच नमुना इतक्या ठिकाणी उभा राहण्यामागे त्याच्या गुणांइतकाच या कागदांचा हात आहे.

कांदा चाळीत कसा जातो

घट तीन तऱ्हांची असते आणि प्रत्येकीचा हंगाम वेगळा. मे-जूनमध्ये कोरड्या उष्म्याने कांद्यातले पाणी उडते आणि वजन घटते. जुलै ते सप्टेंबर हवा दमट, मग सड आणि काजळी. सप्टेंबर उलटला, रात्री गार पडू लागल्या आणि कांद्याची सुप्तावस्था संपली की मोड येतात. पारंपरिक साठवणीत चार-पाच महिन्यांत एकूण घट ४० टक्क्यांपर्यंत जाते, असा आकडा शासकीय पुस्तिकांत आणि भाषणांत नेहमी येतो. वाण, पाऊस आणि राखणी यांवर तो बराच वरखाली होतो, म्हणून तो ढोबळच समजावा.

तापमानाचे गणित इथे चमत्कारिक आहे. कांदा २५ ते ३० अंश सेल्सिअसला आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत चांगला राहतो. शून्य ते दोन अंशांतही चांगला राहतो. मधल्या, म्हणजे साधारण १० ते २० अंशांच्या पट्ट्यात मात्र त्याला झपाट्याने मोड येतात. चाळ गरम टोकाचा फायदा घेते, शीतगृह थंड टोकाचा. 'थोडे गार केले तर थोडा जास्त टिकेल' ही सहज सुचणारी कल्पना म्हणूनच कांद्याच्या बाबतीत फसते. पुढच्या वादातला मोठा भाग या एका गोष्टीभोवती फिरतो.

आणखी एक मुद्दा शास्त्रज्ञ आणि जुने शेतकरी दोघेही मांडतात. साठवणीचा निकाल बराचसा चाळीबाहेरच लागलेला असतो. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडले का, युरियाचा शेवटचा हात उशिरा दिला का, पात वाळवून मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापली का, नंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवला का, जोड कांदा, डेंगळे आणि जखमी माल निवडून काढला का, हे आधी विचारावे लागते. वाणाचेही तसेच. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती, ॲग्रीफाउंड लाइट रेड ही रब्बीची वाणे टिकाऊ म्हणून घेतली जातात. खरिपाचा लाल कांदा कितीही चांगल्या चाळीत घातला तरी तो थांबत नाही.

जे बहुतेकांना मान्य आहे

कप्प्याची रुंदी चार फूट आणि कांद्याचा थर पाच फूट, याच्या वर जाऊ नये यावर फारसा वाद उरलेला नाही. रुंदी वाढली की मधल्या कांद्याला वारा लागत नाही. उंची वाढली की खालचा कांदा दबतो आणि तापतो. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला हवा आणि खालची जागा मोकळी हवी. तिथे पोती, पाइप, फवारणीचे डबे कोंबलेले दिसतात तेव्हा त्या चाळीचा अर्धा उपयोग गेलेला असतो.

२५ टनांची चाळ म्हणजे काय, हे या मापांवरून काढता येते. दोन कप्पे, प्रत्येकी ४० फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट थर: सोळाशे घनफूट, म्हणजे ४५ घनमीटर. एका घनमीटरात साधारण साडेपाचशे किलो कांदा बसतो, त्यावरून पावणेपंचवीस-पंचवीस टन येतात. ज्याला साठ-सत्तर क्विंटलच धरायचे आहेत त्याने तेवढ्यापुरतीच लांबी घ्यावी. कप्प्याची रुंदी आणि थराची उंची मात्र तीच राहते. चाळ लांबीत वाढते किंवा आखडते, हे ध्यानात ठेवले तर आराखडा करणे अवघड नाही.

जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि ट्रॅक्टर-पिकअप पावसाळ्यातही येईल अशी हवी, हेही सर्वमान्य. ऑगस्टमध्ये भाव वर गेला आणि चिखलामुळे गाडी चाळीपर्यंत पोचली नाही, तर साठवणीचा सगळा खटाटोप वाया जातो. छप्पर दोन्ही बाजूंनी तीन फूट तरी पुढे काढावे, म्हणजे तिरपा पाऊस कप्प्यात शिरत नाही. वळवाच्या वादळात पत्रे उडण्याचे प्रकार दरवर्षी होतात. तिथे पत्र्याच्या जाडीइतकाच प्रश्न हुकांचा आणि खांबांच्या पायाचा असतो. स्वस्तातल्या बांधकामात सगळ्यात आधी हात आखडतो तोही तिथेच.

जिथे मते फुटतात

पहिला फाटा दिशेचा. पुस्तिकांमधली शिफारस स्पष्ट आहे: एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम. पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येचा आणि पश्चिमेचा. एका कप्प्याच्या चाळीला तो आडवा मिळावा; दोन कप्प्यांच्या चाळीत दोघांनाही सारखा वारा मिळावा आणि लांब बाजूंवर ऊन कमी यावे, असा त्यामागचा विचार. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की दिशा होकायंत्राने ठरत नाही, ती वाट, विहीर, बांध आणि भावाची हद्द पाहून ठरते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. दिशा चुकली तर छप्पर पुढे काढून आणि उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी बांधून काही अंशी भरपाई करता येते. खालून हवाच नसेल तर मात्र योग्य दिशेचा उपयोग होत नाही.

दुसरा फाटा छपराचा. सिमेंटचे पत्रे लोखंडी पत्र्यांपेक्षा कमी तापतात, म्हणून शिफारस त्यांची. पण ते वादळात फुटतात, चढून दुरुस्ती करताना माणूस खाली येण्याची भीती असते आणि आपल्याकडच्या बहुतेक सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असल्याने कापताना उडणाऱ्या धुळीचा धोका वेगळाच. लोखंडी रंगीत पत्रा हलका, टिकाऊ आणि मोडीत विकला जाणारा. तो घेणारे लोक उंची वाढवतात, वर पाचट पसरतात किंवा पांढरा रंग मारतात. मंगलोरी कौले सगळ्यांत थंड, पण त्यांचा सांगाडा महाग आणि कौले बसवणारे हात आता कमी. माझे मत विचाराल तर चाळ ऑगस्टपर्यंत रिकामी करणाऱ्याने छपरावर फार डोके चालवू नये. पत्र्याचा मेमधला ताप वजन घटवतो खरा, पण तेवढ्यासाठी खर्च दुप्पट करणे परवडत नाही.

तिसरा फाटा बाजूंचा, आणि तो सर्वांत अवघड. मेमध्ये गरम वारा कांद्याचे पाणी ओढतो, म्हणून बाजू झाकाव्याशा वाटतात. जुलैत हवा खेळती हवी, पण पाऊस नको. दमट हवाच आत खेळवली तर काय साधले, हाही प्रश्न आहेच. काही जण चारी बाजू कायम उघड्या ठेवतात. काही जण ताडपत्रीचे पडदे लावतात आणि पावसाची सर पाहून खाली-वर करतात. पडदे चांगले चालतात, जर कुणी चाळीपाशी राहत असेल तर. शेत गावापासून लांब असेल तर पडदा पडलेलाच राहतो आणि आत वाफ धरते. हा वाद तंत्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो घरात रिकामे हात किती आहेत याचा आहे.

सांगाडा बांबूचा, निलगिरीच्या बल्ल्यांचा, लोखंडी अँगलचा की सिमेंट खांबांचा, यावर गावागणिक वेगळी मते ऐकू येतात. बांबूच्या पट्ट्या कांद्याला खुपत नाहीत, पण वाळवी लागते. लोखंडी जाळी वर्षानुवर्षे टिकते, पण उन्हात तापलेल्या जाळीला टेकलेला कांदा खराब होतो अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. शिवाय पक्की चाळ ऑक्टोबरनंतर रिकामी पडते तेव्हा तिच्यात मका, सोयाबीन, चारा, ट्रॅक्टर असे काहीही ठेवता येते. या दुसऱ्या उपयोगाचा हिशेब अधिकृत आराखड्यांत क्वचितच धरलेला असतो.

पैसा आणि कागद

फलोत्पादन अभियानाच्या जुन्या मापदंडात २५ टनांच्या चाळीचा खर्च १ लाख ७५ हजार रुपये धरलेला होता आणि त्याच्या निम्मे, म्हणजे टनाला ३,५०० रुपयांप्रमाणे ८७,५०० रुपये अनुदान मिळे. महाराष्ट्रात पुढे रोजगार हमीतून कांदाचाळ देण्याचे ठरले तेव्हा त्याच क्षमतेच्या, १२ मीटर लांब आणि ३.९० मीटर रुंद चाळीचे अंदाजपत्रक ४ लाख ५८ हजार ७३० रुपयांचे निघाले. त्यातले १ लाख ६० हजार ३६७ रुपये योजनेतून, तर २ लाख ९८ हजार ३६३ रुपये लोकवाटा, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून. शासनाच्याच दोन कागदांत इतकी तफावत. अभियानाचे मापदंड नंतर वाढवले गेले, पण लोखंड आणि मजुरीच्या मागे ते नेहमीच एक पाऊल राहतात.

अनुदानाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा: चाळ नसेल तर शेतकऱ्याला मेमध्येच, भाव पडलेला असताना, लिलावात उभे राहावे लागते, थोडी मदत मिळाली तर तो थांबू शकतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मदत ज्याच्याकडे उरलेले दोन-तीन लाख आहेत त्यालाच पोचते. महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज, पूर्वसंमती, मग बांधकाम, तपासणी, मग खात्यात पैसे, असा क्रम असल्याने आधी पैसे घालण्याची ऐपत लागते. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा इथेच अडतो. पूर्वसंमतीआधी पाया खणला तर अनुदान हुकण्याची शक्यता असते, हे अनेकांना फार उशिरा कळते.

जमिनीच्या कायद्याची बाजू त्या मानाने सोपी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ४१ नुसार शेतीच्या सोयीसाठी शेतात बांधकाम करायला शेतकऱ्याला मुभा आहे आणि शेतमाल साठवण्याची शेड त्यात बसते. शहरांच्या हद्दीत आणि आसपास मात्र पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. तिथे तलाठ्याला आणि नियोजन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. सामाईक गटात तर भावकीची लेखी संमती घेतलेली बरी.

पंखे, विकिरण, शीतगृह

चाळीला पर्याय म्हणून तीन गोष्टी पुढे केल्या जातात. तिन्हींचे समर्थक सारखेच ठाम आहेत.

पहिली, चाळीलाच यंत्राची जोड. जाळीच्या तळाखालून पंख्याने हवा सोडायची, ढिगात संवेदक बसवून तापमान, आर्द्रता आणि सड सुरू झाल्याचा वास टिपायचा. राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संचालनालयाने आणि काही नवउद्योगांनी अशा नमुन्यांवर काम केले आहे. यात कांदा मोठ्या ढिगात ठेवता येतो, म्हणजे टनामागे जागा कमी लागते. अडचण विजेची. ज्या भागात शेतीपंपाला रात्रपाळी करावी लागते तिथे पंखा ठरल्या वेळी चालेलच याची खात्री कोण देणार?

दुसरी गोष्ट विकिरणाची. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावजवळ 'कृषक' हे केंद्र २००२ मध्ये सुरू केले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा दिली की कांद्याला मोड येत नाहीत. खायला तो सुरक्षित आहे, यावर शास्त्रीय मतभेद नाहीत. मतभेद उपयोगाबद्दल आहेत. किरण मोड थांबवतात. सड थांबवत नाहीत, वजनातली घट तर मुळीच नाही. आणि मात्रा सुप्तावस्था संपायच्या आत, काढणीनंतर लवकर द्यावी लागते, म्हणजे त्याच गर्दीच्या आठवड्यांत सगळ्यांचा कांदा एका केंद्रावर यायला हवा. समर्थकांचे उत्तर असे की विकिरण आणि शीतगृह यांची जोडी लावावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राखीव साठ्यातल्या थोड्या कांद्यावर पथदर्शी प्रयोगही केला. पण आंबा-डाळिंबासारखा निर्यातीचा चढा भाव कांद्याला क्वचित मिळतो. प्रक्रिया आणि वाहतुकीचा भार कुणी उचलायचा, हा प्रश्न उरतो.

तिसरे शीतगृह. शून्य-दोन अंश तापमान मिळवणे कठीण नाही, त्याबरोबर आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर ठेवणे कठीण, कारण द्राक्षे-बटाट्यासाठी बांधलेली शीतगृहे मुद्दाम दमट ठेवलेली असतात. बाहेर काढलेल्या कांद्याला घाम फुटतो आणि तो लवकर संपवावा लागतो. ऑक्टोबरनंतरच्या टंचाईसाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे; जुलै-ऑगस्टमध्ये विकणाऱ्याला त्याची गरज नाही.

या तुलनेत एक गोष्ट बोलकी आहे. केंद्राचा राखीव साठा, ज्याचे लक्ष्य २०२३-२४ मध्ये सात लाख टनांपर्यंत नेले गेले, तोही बऱ्याच अंशी नाशिक भागातल्या अशाच चाळींमध्ये ठेवला जातो. सरकारी कांद्यालाही तूर्त दुसरे घर नाही.

धरून ठेवण्याचा हिशेब

समजा मेमध्ये शंभर क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी जात होता, म्हणजे १ लाख २० हजार आले असते. सप्टेंबरपर्यंत ३० टक्के घट धरली तर ७० क्विंटल उरतात. नुसते तेवढेच पैसे परत यायला १,७१४ रुपये भाव हवा. त्यावर निवडणीची मजुरी, कर्जाचे व्याज आणि चाळीचा घसारा. घट २० टक्क्यांवर आणली तर हाच आकडा १,५०० होतो. चांगल्या चाळीची किंमत म्हणजे हा फरक. सुधारित चाळीवर लाखभर जादा घालावे का, याचे उत्तर यातून निघते आणि ते दर शेतकऱ्याचे वेगळे येते. वर्षाला पाचशे क्विंटल धरणाऱ्याला ते परवडते. साठ क्विंटलवाल्याला बांबूची, दोन वर्षांनी डागडुजी लागणारी चाळ जास्त शहाणपणाची ठरू शकते.

पण भाव किती चढेल हे चाळ ठरवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली पण शुल्क राहिले, आणि ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. ऑक्टोबर २०२० मध्ये व्यापाऱ्यांवर साठामर्यादा आली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची परवानगी होती. एका सुधारित चाळीत मावतो तेवढाच हा कांदा. साठवणीला अनुदान देणारे आणि साठवणीचा फायदा आटवणारे धोरण एकाच वेळी चालू राहते, अशी शेतकरी संघटनांची तक्रार आहे. ग्राहकाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कांदा महागला की त्याचा ताण शहरातल्या गरिबांवर येतो आणि सरकारला गप्प बसता येत नाही. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, आणि कुठलाही अभियंता चाळीचा नकाशा बदलून ते मिटवू शकणार नाही.

सामूहिक साठवणीचा पर्याय म्हणून उत्पादक कंपन्यांच्या शंभर-दोनशे टनांच्या चाळी उभ्या राहत आहेत. व्यवस्थापकाला पगार देता येतो, पडदे वेळेवर पडतात, प्रतवारी होते. उलट, स्वतःच्या बांधावरचा कांदा आपण रोज हाताने चाचपतो, सडका काढतो आणि भाव बरा दिसला त्या सकाळी गाडी भरतो. सामूहिक साठ्यात कधी विकायचे हे सभेत ठरते. यात काय जास्त चालते, यावर अनुभव अजून फार थोड्या हंगामांचा आहे.

जे सुटलेले नाही

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची आहे. संशोधन केंद्रांच्या आवारातली घट काळजीने मोजलेली असते, पण तिथला कांदा निवडलेला आणि नीट सुकवलेला असतो. शेतकऱ्यांच्या चाळीत भरताना वजन क्वचितच होते. ट्रॉलीच्या अंदाजावर भरला आणि काट्यावर विकला, यावरून घट काढली तर ती वाणाची, चाळीची की अंदाजाची, हे सांगता येत नाही. पंखेवाले आणि साधी चाळवाले एकमेकांचे आकडे मानत नाहीत त्याचे कारण बरेचसे हे आहे.

दुसरी अडचण पावसाने आणली आहे. मे २०२५ मध्ये राज्यात महिनाभर अवकाळी पाऊस झाला आणि मॉन्सूनही महिनाअखेरीस लवकर येऊन ठेपला. काढलेला कांदा शेतातच भिजला, आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवण्याची जी पायरी सगळे गृहीत धरून चालतात तीच निघून गेली. भिजलेल्या कांद्याला कुठलीही चाळ पुरत नाही. म्हणून काही शेतकरी आता साठवणीआधी सुकवणीसाठी वेगळ्या छपराची भाषा करू लागले आहेत: उंच, चारी बाजू मोकळ्या, पातळ थर पसरता येईल अशी जागा, जी दोन आठवड्यांत रिकामी होईल. इतरांना हा एका पिकासाठी दुहेरी खर्च वाटतो. त्यांच्या मते चाळीच्या मधल्या वाटेची रुंदी वाढवून आणि छप्पर आणखी पुढे काढून तेच काम भागेल. एका एकराचा कांदा एकाच वेळी पातळ पसरायचा तर किती मोठे छप्पर लागेल, हा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी अजून पुरता मांडलेला नाही.